मोफत एक्स-रे आणि ५४ हजारांची मान

गणपतीच्या दिवसांत आमच्या नगरला मांडवाशेजारी शिबिरांची टेबलं लागतात. रक्तदाब, साखर, डोळे ही शिबिरं जुनीच, आणि बरीचशी चांगली असतात. अलीकडे त्यांत ‘मोफत मणका तपासणी’ची भर पडली आहे. पांढऱ्या कोटातली मुलं, टेबलावर प्लॅस्टिकचा मणका आणि ‘एक्स-रे फ्री’ अशी कूपनं. माझे पैसे त्या टेबलावरून गेले, म्हणून लिहिते आहे. दवाखान्याचं नाव देत नाही. प्रकरण चालू आहे, आणि हा धंदा काही एकाच दवाखान्याचा नाही.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत शिवलेली नऊवारी. दिवसभर मान खाली. श्रावणापासून मान धरायला लागली, मग उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत ओढ लागायची, आणि सकाळी उठल्यावर मान वळेना. बाम झाला, शेक झाला, मुलीने ऑनलाइन मागवलेली उशी झाली. अशा वेळी फुकटचा एक्स-रे कोण सोडतं?

दवाखाना चकचकीत. एक्स-रे खरंच फुकट काढला आणि मोठ्या पडद्यावर लावला. सरांनी त्यावर लाल गोल काढला. “ताई, हे बघा. सी-फाइव्ह, सी-सिक्स, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गॅप कमी झालीय. मानेचा बाकच गेलाय. नस दबायला लागलीय. आत्ता केलं नाही तर दोन वर्षांत हात लुळा पडेल, मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही.” मी म्हटलं, गोळ्यांनी नाही का होणार? “गोळ्या दुखणं झाकतात, ताई. मूळ जात नाही.”

एवढं सगळं झालं, पण त्यांनी माझ्या मानेला हातसुद्धा लावला नव्हता. मी काय काम करते हेही विचारलं नाही. गिऱ्हाइकाचं माप न घेता ब्लाउजची शिलाई सांगणारा शिंपी असतो, तसं.

मग शेजारच्या खोलीत ‘काउन्सेलर’ मुलगी. गोड बोलणारी, हातात टॅब. सिल्व्हर पॅकेज, गोल्ड पॅकेज. गोल्डमध्ये लेझर, मणका ओढण्याचं मशीन, पट्टा, चुंबकाची उशी आणि कसल्याशा कॅप्सूल. किंमत ८० हजार, पण “आज घेतलं तर शिबिराचा रेट ५४ हजार, उद्या सिस्टिम घेणार नाही.” पैसे नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, “भरायचे कुठे आहेत? महिन्याला साडेचार हजार, बारा हप्ते, व्याज शून्य.” आधार नंबर, ओटीपी, सेल्फी, पुन्हा ओटीपी. चहा संपायच्या आत झालं. मी स्वतः ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कुणाच्या कापडाला कात्री लावत नाही, तरी त्या खोलीतून ५४ हजारांची देणेकरी होऊन बाहेर पडले. सतत ‘हात लुळा’ कानात वाजत होतं. शिवणाऱ्या बाईला दुसरी कुठलीही भीती एवढी लागू पडली नसती.

इथला खरा डाव मला फार उशिरा कळला. ते हप्ते दवाखान्याचे नव्हतेच. माझ्या नावावर एका वित्तसंस्थेचं कर्ज निघालं होतं आणि सगळी रक्कम त्याच आठवड्यात दवाखान्याच्या खात्यात गेली होती. म्हणजे मी उपचार अर्धवट सोडले काय किंवा दवाखान्याला कुलूप लागलं काय, हप्ता माझ्या खात्यातून कापला जाणार. माझा भाचा बँकेत आहे. तो म्हणाला, “मावशी, फोनवर दिलेल्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं माघारीची मुदत असते, निदान एक दिवस तरी. तेवढ्यात मूळ रक्कम आणि त्या दिवसांचं व्याज भरलं की दंड न लागता बाहेर पडता येतं. आणि कर्जाचा सगळा हिशेब मांडलेलं एक पत्रक त्यांनी द्यावंच लागतं.” पत्रक आलं होतं, माझ्या ईमेलवर. तो ईमेल मुलीने गॅसच्या बुकिंगसाठी कधीतरी काढून दिलेला. तिथे कोण बघतंय!

उपचार म्हणजे काय, तर एक मुलगा यायचा, मानेला पॅड चिकटवायचा, बटण दाबायचा आणि मोबाईल बघत बाहेर जायचा. दर थोड्या दिवसांनी मुलगा नवा. झिणझिण करणाऱ्या त्या मशीननं तासभर बरं वाटायचं, हे खोटं का सांगू? घरी येऊन दोन ब्लाउज झाले की मान परत जागेवर. विचारलं की उत्तर ठरलेलं: “दुखणं बाहेर पडतंय, म्हणजे असर होतोय.” व्यायाम काही आहे का, असंही मी विचारलं होतं. “व्यायाम शेवटच्या टप्प्यात, आत्ता केलात तर गॅप वाढेल.” पडद्यावर गॅप कमी झाली होती, आता ती वाढणार होती!

एकदा ‘मणका बसवतो’ म्हणून सरांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि झटक्यात फिरवलं. कडकड आवाज आला. “बसला,” म्हणाले. मला उठल्यावर गरगरलं आणि संध्याकाळपर्यंत मळमळत राहिलं. त्यानंतर मी तिथे गेले नाही. पुढे कळलं की तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा झाल्याचा असतो, त्यात काही बसत नाही की सरकत नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्यानं क्वचित इजा होते आणि त्यातून पक्षाघातही होऊ शकतो. क्वचित का होईना, आधी न विचारता, न तपासता कुणाची मान अशी फिरवायची नसते.

शेजारच्या काकूंनी सिव्हिलचं नाव काढलं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. फिजिओथेरपीची खोली जुनाट, बाहेर गर्दी. पण आतल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “काम काय करता?” मग मशीन पायाचं की मोटरचं, टेबल किती उंच, उजेड कुठून येतो, उशा किती घेता. हाताची पकड बघितली, कापसानं बोटांवर स्पर्श कळतो का ते बघितलं, छोट्या हातोडीनं कोपराशी ठोकलं, मान एका बाजूला कलवून हलकेच दाबली. हातातून वस्तू पडतात का, चालताना तोल जातो का, लघवीवर ताबा आहे ना, ताप येतो का, वजन उतरलंय का, पडलात-बिडलात का, हेही विचारलं. यातलं काही असतं तर त्यांनी थेट डॉक्टरांकडे पाठवलं असतं, व्यायाम दिलेच नसते. माझ्या बाबतीत यातलं काही नव्हतं. नस दबलेली नव्हती.

मी पिशवीतून तो लाल गोलाचा एक्स-रे काढला. त्या हसल्या. वयानुसार मणक्यांच्या चकत्या झिजतात, केस पिकावेत तितकं ते साधं आहे, म्हणाल्या. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १२११ माणसांचे एमआरआय काढले होते, २०१५ साली ते छापून आलं. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या, विशीतल्या बहुतेकांच्यासुद्धा. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही त्या खुर्चीत बसवलं तर पडद्यावर गोल काढायला जागा बहुधा सापडणारच. आणि मानेचा बाक गेलेला दिसतो तो पुष्कळदा स्नायू आखडल्यामुळे, किंवा एक्स-रे काढताना हनुवटी कशी धरली त्यामुळेही.

त्यांनी दिलेले व्यायाम सांगते. भिंतीला पाठ लावून ताठ बसायचं आणि हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे घ्यायची, दुहेरी हनुवटी दिसेल अशी. पाच सेकंद धरायची, सोडायची, असं दहा वेळा. दोन्ही फरे मागे एकमेकांकडे खेचायचे आणि सोडायचे. मग एक हात खुर्चीखाली धरून मान दुसऱ्या बाजूला कलवायची, ताण जाणवेल इतपतच, वीसेक सेकंद. झटका नाही, उसळी नाही. हातात मुंग्या आल्या की थांबायचं. थोड्या दिवसांनी कपाळाला तळहात लावून मानेनं रेटायचं, हातानं अडवायचं, मान हलू द्यायची नाही. तसंच मागून आणि बाजूंनी. सगळ्यात शेवटी रबरी पट्टा ओढण्याचे व्यायाम, कारण नुसतं ताणून भागत नाही, खांद्यांत ताकद यावी लागते. गळ्याचा पट्टा त्यांनी सोडायला लावला. फार दिवस घातला की मानेचे स्नायू आळशी होतात.

आणि शिवणमशीनखाली लाकडी ठोकळे लावून टेबल चार बोटं उंच केलं. मला विचाराल तर निम्मं काम त्या ठोकळ्यांनी केलं. अर्ध्या-पाऊण तासानं उठायचं, हे मात्र मला अजून गजर लावल्याशिवाय जमत नाही. आता मान वळते. लग्नसराईत अधूनमधून दुखते, मग व्यायाम वाढवते.

ज्याच्यानं मान बरी होते ते असं फुकटात शिकून घरी करण्यासारखं आहे, त्यात ५४ हजार कुठे बसवणार? म्हणून आधी भीती विकायची आणि भीतीच्या मापाचं मशीन दाखवायचं. फिजिओथेरपीवर माझा राग नाही. खासगीतही प्रामाणिक फिजिओ पुष्कळ आहेत. ते मान तपासतात, दर वेळचे पैसे दर वेळी घेतात आणि आपलं काम संपलं की घरी पाठवतात.

ओळखायचं कसं? आपल्या राज्यात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी स्वतंत्र परिषद आहे, कायद्यानं स्थापन झालेली. भिंतीवरचा नोंदणी क्रमांक मागायचा आणि परिषदेकडे पडताळायचा. बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी, तिच्यात इंटर्नशिपही असते. आमच्या सरांच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत होतं ते कुठल्यातरी मसाज कोर्सचं प्रमाणपत्र. नोंदणी क्रमांक विचारल्यावर रिसेप्शनची मुलगी म्हणाली, “तो हेड ऑफिसला असतो.”

पैशांचं असं झालं. दवाखान्यानं पावतीवर बोट ठेवलं: ‘रक्कम परत मिळणार नाही.’ भाच्यानं हप्ता एकदम बंद करू दिला नाही. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होतं आणि चेक परतल्यासारखा दंड वर बसतो. आधी दवाखान्याला आणि वित्तसंस्थेला लेखी कळवलं, पोच घेतली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. वित्तसंस्था दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा फोन १४४४८. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील घ्यावाच असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष सेवा थांबवून पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. पैसे परत करायची मुदत पावतीवर नसेल तर ती तीस दिवस. नुसतं ‘परत मिळणार नाही’ छापलं म्हणून सुटका होत नाही.

अर्जासोबत शिबिराचं कूपन, पॅकेजचा कागद, काउन्सेलरचे व्हॉट्सॲप निरोप, बँकेचा उतारा आणि सिव्हिलचा केसपेपर जोडला. नोटीस गेल्यावर दवाखान्यातून फोन आला, निम्मे पैसे देतो, अर्ज मागे घ्या. मी म्हटलं, हेच लेखी द्या. त्यानंतर फोन आलेला नाही.