पहिली जुनी बोलर हॅट: लंडनची घ्यावी की अमेरिकेची?

जुनी बोलर हॅट घ्यायचं मनात आलं की लंडनच्या दुकानाचं नाव असलेली ब्रिटिश बोलर घ्यावी की अमेरिकन डर्बी (बोलरलाच अमेरिकेत डर्बी म्हणतात), असा प्रश्न पडतोच. विक्रेत्याच्या फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात: काळं कडक फेल्ट (केस किंवा लोकर दाबून केलेलं कापड), गोल माथा, वर वळलेला काठ. माझा कौल आधीच देऊन टाकतो. डोक्यावर घालायची असेल तर ब्रिटिश घ्या. टोपीचा काळ शोधून काढण्यात रस असेल तर अमेरिकन.

ही टोपी मूळची इंग्लंडची. नॉरफोकमधल्या होल्कम इस्टेटीच्या रानराख्यांच्या उंच टोप्या घोड्यावरून जाताना फांद्यांना अडकत, म्हणून एडवर्ड कोक यांनी 1849 मध्ये लंडनच्या लॉक अँड कंपनी या टोप्यांच्या दुकानाकडे बुटक्या माथ्याची, कडक टोपी मागवली. लॉकनं ती साउथवर्कच्या थॉमस आणि विल्यम बोलर यांच्याकडून करवून घेतली. जुनी टोपी ओळखताना हे कायम ध्यानात ठेवावं: अस्तरावर विकणाऱ्याचं नाव असतं, बनवणारा वेगळा असू शकतो. नुसत्या नावासाठी दुप्पट पैसे मोजायला मी कुणाला सांगणार नाही. स्टॉकपोर्टच्या क्रिस्टीज किंवा बॅटर्सबी कारखान्यातली धड अवस्थेतली टोपी ही बड्या दुकानाच्या तडकलेल्या टोपीपेक्षा केव्हाही चांगली.

ब्रिटिश बोलर घालायला बरी, कारण ती वयानं लहान असते. लंडनच्या ‘सिटी’ या पेढ्यांच्या भागातले बँकवाले आणि दलाल 1960 च्या दशकापर्यंत ती घालून कामावर जात. अमेरिकेत डर्बीची चलती 1920 च्या दशकात ओसरली, म्हणून तिथली हाती लागणारी टोपी बहुधा शंभरीच्या आसपासची असते. तेवढ्या काळात आतली चामड्याची घामपट्टी सुकून आक्रसते, बोट लावलं तरी तुकडे पडतात आणि पट्टीबरोबर टोपीचा आकारही ओढला जातो.

काळ ठरवताना मात्र डर्बी उजवी ठरते. घामपट्टी हलकेच उलटून पाहा. तिथे पुष्कळदा कामगार संघटनेचं लेबल सापडतं, टपाल तिकिटासारखी भोकांची कड असलेलं. त्यावर ‘युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका’ असेल तर टोपी साधारण 1896 ते 1934 मधली, कारण 1934 मध्ये ही संघटना दुसऱ्या संघटनेत विलीन झाली आणि नाव लांबलं. जोडीला स्टेटसन किंवा नॉक्स असं टोपी बनवणाऱ्याचं नाव आणि दुकानाच्या गावाचा शिक्का असला तर शोधायला भरपूर वाव.

ब्रिटिश टोपीत असा नेमका पुरावा क्वचित मिळतो. लॉकचं दुकान 1765 पासून सेंट जेम्स स्ट्रीटवर 6 नंबरलाच आहे, त्यामुळे नुसत्या पत्त्यावरून काही कळत नाही. पण पत्त्यात ‘एस. डब्ल्यू. 1’ असा आकडा असेल तर शिक्का 1917 नंतरचा, कारण लंडनच्या टपाल विभागांना आकडे तेव्हा लागले. अस्तर बदलता येतं, म्हणून अस्तरावरचं नाव आणि घामपट्टीवरचा सोनेरी शिक्का जुळतात का, तेही पाहावं.

मापात पुष्कळांची फसगत होते. ब्रिटिश 7⅛ आणि अमेरिकन 7¼ एकच, दोन्ही सुमारे 58 सेंटिमीटर. विक्रेत्याकडून आतला घेर सेंटिमीटरमध्येच मागून घ्या. शिवाय फेल्ट लाखेनं कडक केलेलं असतं, ते मऊ टोपीसारखं डोक्याप्रमाणे सैल होत नाही. अर्ध्या सेंटिमीटरनं घट्ट टोपी कपाळावर वळ उठवते.

बोलिव्हियात आयमारा या तिथल्या मूळ समाजाच्या बायका घालतात ती ‘बोंबिन’ हा तिसरा पर्याय. ती डोक्याच्या वर नुसती टेकवायची असते, घालायला म्हणून घेऊ नये. इटलीच्या बोर्सालिनोचा शिक्का असलेली मिळाली तर संग्रहाला मोलाची.

दोन्ही प्रकारांना एक धोका सारखाच आहे. फर फेल्टसाठी सशाचे केस पूर्वी पाऱ्याच्या क्षारात भिजवत. अमेरिकेत ही पद्धत 1941 च्या अखेरीस बंद झाली. जुन्या टोप्यांमध्ये पारा अजून सापडतो, म्हणून हाताळताना हातमोजे घाला आणि घरी वाफ देऊन आकार सरळ करायच्या फंदात पडू नका.

मुंबई-कोकणात ठेवायची असेल तर जास्त जपावं लागेल. उन्हात उभ्या गाडीत लाख मऊ पडून काठ वाकडा होतो, पावसाळ्यात घामपट्टीला बुरशी धरते आणि फेल्टला कसर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. कागदाचा गोळा आत भरून पुठ्ठ्याच्या खोक्यात उलटी, म्हणजे माथ्यावर ठेवा, आणि श्रावणात उघडीप मिळेल तेव्हा सावलीत वारा द्या. एवढं जमणार नसेल तर शंभर वर्षांच्या डर्बीच्या वाटेला जाऊ नका. 1950 च्या आसपासची, घामपट्टी लवचिक असलेली ब्रिटिश बोलर घ्या.