केंद्रीय अर्थसंकल्पाचे अ‍ॅप: भांडवली खर्चाचा माग काढणाऱ्यासाठी

‘युनियन बजेट’ हे मोफत अ‍ॅप जानेवारी २०२१ मध्ये, अर्थसंकल्प प्रथमच कागदविरहित मांडला गेला त्या वर्षी आले. अर्थमंत्र्यांचे भाषण संपल्यावर वार्षिक वित्तीय विवरणपत्र, अनुदानाच्या मागण्या, वित्त विधेयक अशी सारी कागदपत्रे त्यात मिळतात. शोधाची आणि उतरवून घेण्याची सोय चांगली आहे. हे परीक्षण मात्र एकाच कामापुरते आहे: रस्ते, रेल्वे, बंदरे अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या मालमत्तेवर सरकार किती पैसा लावते, म्हणजे भांडवली खर्च किती करते, हे या अ‍ॅपवरून सामान्य वाचकाला नीट कळते का?

नुसता आकडा चटकन सापडतो. २०२५-२६ च्या अंदाजात भांडवली खर्च ११,२१,०९० कोटी रुपये आहे. त्याच तक्त्यात खाली भांडवली मालमत्ता निर्मितीसाठी दिलेली ४,२७,१९२ कोटींची अनुदाने आणि दोहोंची बेरीज, म्हणजे ‘प्रभावी भांडवली खर्च’ १५,४८,२८२ कोटी, असेही दिसते. ही विभागणी समजून घेण्यासारखी आहे. ग्रामसडक योजनेचा रस्ता केंद्राच्या पैशाने झाला तरी तो केंद्राच्या मालकीचा होत नाही, म्हणून ती रक्कम केंद्राच्या हिशेबात महसुली खर्चात, म्हणजे पगार, देखभाल अशा चालू खर्चाच्या बाजूला पडते. उलट राज्यांना पन्नास वर्षांसाठी दिलेले बिनव्याजी कर्ज (२०२५-२६ च्या अंदाजात दीड लाख कोटी) केंद्राच्या भांडवली खर्चात मोजले जाते. त्यामुळे ११ लाख कोटींचा आकडा वाचून एवढ्या रकमेचे बांधकाम केंद्र स्वतः करणार आहे, असे समजणे चुकीचे ठरते. अ‍ॅपने हे दोन ओळींत सांगायला हवे होते. तिथे फक्त तक्ता आहे.

वर्षांची तुलना करतानाही सावध राहावे लागते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासाठीची तरतूद २०२१-२२ च्या अंदाजात ५७,३५० कोटी होती, ती २०२२-२३ मध्ये १,३४,०१५ कोटींवर गेली. ही वाढ बरीचशी जागाबदल आहे, कारण प्राधिकरण आधी स्वतःच्या नावावर बाजारातून कर्ज उभारत असे आणि ते केंद्राच्या भांडवली खर्चात धरले जात नसे. त्या वर्षापासून नवे कर्ज थांबले आणि तो भार थेट अर्थसंकल्पावर आला. हा बदल माझ्या मते प्रामाणिकपणाकडे जाणारा आहे, कारण अर्थसंकल्पाबाहेरचे कर्जही शेवटी जनतेच्याच डोक्यावर असते. परंतु तो समजण्यासाठी सार्वजनिक उपक्रमांच्या साधनांचे विवरणपत्र शेजारी ठेवावे लागते, आणि फोनच्या छोट्या पडद्यावर दोन लांबलचक तक्ते एकत्र वाचणे फार त्रासाचे आहे.

सर्वांत मोठी उणीव अ‍ॅपची नसून हिशेबपद्धतीची आहे. आपले सरकारी हिशेब रोखीच्या तत्त्वावर चालतात. पूल बांधला त्या वर्षी खर्च पडतो, पण पुढे दरवर्षी होणारी त्याची झीज घसारा म्हणून कुठेच दिसत नाही. राजकोषीय उत्तरदायित्वाच्या, म्हणजे सरकारी तुटीला शिस्त लावणाऱ्या नियमांमुळे मालमत्तेची एक नोंदवही रिसिट बजेटच्या (अर्थसंकल्पातील जमेच्या पुस्तिकेच्या) परिशिष्टात छापली जाते खरी, पण तिच्यात किंमत संपादनाच्या वेळची असते, आणि संरक्षण, अंतराळ व अणुऊर्जा विभागांची मालमत्ता तिच्यात येत नाही. पुलाचे आयुष्य किती उरले आणि दुरुस्तीला किती लागणार, हे अर्थसंकल्प वाचून कळत नाही. देखभालीची रक्कम महसुली खर्चात असल्यामुळे काटकसरीच्या वर्षी कात्री तिच्यावर सहज चालते, हे मला अतिशय चिंताजनक वाटते.

अ‍ॅप हिंदी आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही. निदान मुख्य विवरणपत्रे तरी सर्व राज्यभाषांत यावीत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. तोपर्यंत मराठी वाचकाला लेखाशीर्षांचा, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक प्रकाराला दिलेल्या क्रमांकांचा आधार घेता येतो, कारण ते क्रमांक केंद्र आणि राज्यांना समान असतात: ३०५४ म्हणजे रस्ते व पुलांवरील महसुली खर्च, ५०५४ म्हणजे त्यांवरील भांडवली खर्च. अ‍ॅप जरूर घ्या, मात्र तक्ते संगणकावर उघडा, आणि अंदाजाचा आकडा वाचून झाल्यावर त्याच वर्षाचे, लेखा महानियंत्रकांनी तयार केलेले आणि महालेखापरीक्षकांनी तपासलेले वित्त लेखे आले की प्रत्यक्ष खर्चाशी तो ताडून पाहा.