फिजी की फोटोशॉप, प्रिझम की आर? प्रजनन जीवशास्त्राच्या लॅबमधल्या फिगर्स कशात कराव्यात

सेक्शन कापून, स्टेन करून, कन्फोकल मायक्रोस्कोपवर फोटो घेऊन झाले की गाइड म्हणतात, "आता फिगर्स लावून आण." कशात लावायच्या, ते कोणी सांगत नाही. सीनिअर जे वापरतात तेच धाकटे उचलतात, आणि ते बऱ्याचदा एक्सेल आणि पॉवरपॉइंट असतं. दिसायला छान काय, हा प्रश्न मी मागे ठेवतो. उद्या रिव्ह्यूअरने मूळ फाइल मागितली, तर तिथपासून छापील आकृतीपर्यंत काय काय केलं ते दाखवता येईल का, हे आधी बघतो.

फोटोंसाठी माझं मत सरळ आहे: फिजी. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत वेन रासबँड यांनी घडवलेल्या इमेजजे या चित्रं हाताळायच्या आणि मोजायच्या सॉफ्टवेअरचीच ही प्लगइन्सनी भरलेली आवृत्ती. फुकट आहे, पण कारण ते नाही. झाइसची सीझेडआय, लायकाची एलआयएफ, निकॉनची एनडी२ या मायक्रोस्कोप कंपन्यांच्या मूळ फाइली बायो-फॉरमॅट्स प्लगइनमुळे थेट उघडतात, आणि फाइलमध्ये पिक्सेलचं माप नोंदलेलं असेल तर तेही सोबत येतं. मग स्केल बार टाकायला अंदाज लागत नाही. फोटोशॉपची इथेच अडचण होते. आधी टिफ काढा, मग मापाचा हिशेब हाताने करा, आणि मध्येच चित्राचा आकार बदलला की तो हिशेब चुकला. मायक्रोस्कोप जुना असेल आणि कॅमेरा माप नोंदत नसेल, तर त्याच ऑब्जेक्टिव्हवर स्टेज मायक्रोमीटरचा (ठराविक अंतरावर रेघा आखलेल्या काचपट्टीचा) एक फोटो काढून ठेवा आणि फिजीत 'सेट स्केल' करा.

दुसरा फरक ब्राइटनेसचा, आणि शुक्राणूंच्या फोटोंत तो फार महाग पडतो. समजा, ॲक्रोसोम, म्हणजे शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी, पीएनए-लेक्टिनने हिरवा रंगवला आहे आणि केंद्रक डॅपीने निळं. कंट्रोल आणि ट्रीटेड, दोन्ही फोटोंवर वेगवेगळं 'ऑटो' दाबलं की ट्रीटेडमधली क्षीण चमक कंट्रोलइतकीच झळझळीत दिसते. तुम्हाला जो फरक दाखवायचा होता तोच गेला. फिजीत 'सेट' दाबून किमान आणि कमाल आकडे लिहा आणि तेच सगळ्या उघड्या चित्रांना लावा. 'अप्लाय' दाबेपर्यंत मूळ पिक्सेलचे आकडे बदलत नाहीत, फक्त दिसणं बदलतं. मॅक्रो रेकॉर्डर चालू ठेवला तर केलेल्या पायऱ्या लिहूनही निघतात. मापन करायचं असेल तर ते १६ बिटच्या मूळ फाइलवर, जेपीईजीवर कधीच नाही.

फोटोशॉप टाकाऊ आहे असं नाही. एच अँड ई किंवा पीएएस या रंगांनी स्टेन केलेल्या वृषणाच्या सेक्शनची पार्श्वभूमी पिवळट आली असेल तर व्हाइट बॅलन्स त्यात सोपा जातो. बदल मात्र पूर्ण चित्राला एकसारखा लावायचा आणि मेथड्समध्ये लिहायचा. क्लोन आणि हीलिंगच्या ब्रशांना हात लावू नका, कोपऱ्यातला धुळीचा कण काढायलासुद्धा. जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीने २००२ पासून स्वीकारलेल्या लेखांची चित्रं तपासायला सुरुवात केली. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ लेख चाळले, त्यातल्या ३.८ टक्के लेखांत शंकास्पद चित्रं सापडली. हल्ली अनेक नियतकालिकं अशी तपासणी सॉफ्टवेअरने करतात.

ग्राफचा निर्णय इतका एकतर्फी नाही.

एक्सेल डेटा भरायला ठीक, तोही जपून. शुक्राणूच्या शेपटीतल्या ॲन्युलसशी (एका कड्याशी) संबंधित सेप्टिन जनुकाचं जुनं चिन्ह 'सेप्ट१२' रोमन लिपीत टाइप केलं की एक्सेल त्याची १२ सप्टेंबर करून टाकायचा. एक्सेल बदलायच्या आधी जनुकांची नावंच बदलली. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या एचजीएनसी समितीच्या २०२० च्या नव्या नियमांत त्याचा उल्लेख आहे.

उरले प्रिझम आणि आर: पहिलं ग्राफ आणि चाचण्यांचं विकतचं सॉफ्टवेअर, दुसरी त्याच कामाची प्रोग्रॅमिंगची भाषा. लॅबकडे प्रिझमचं लायसन्स असेल आणि थीसिसमध्ये मोजके ग्राफ असतील, तर प्रिझम घ्या. टेबल, चाचणी आणि ग्राफ एकाच फाइलमध्ये राहतात, एका दिवसात शिकून होतं. लायसन्स दर वर्षी भरावं लागतं, म्हणून पैसे कोणाच्या ग्रँटमधून येणार ते आधी विचारा. आर फुकट आहे. पहिला महिना चिडचीड होते, पण पुढच्या बॅचचा डेटा आला की तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. हॉर्मोनचे आकडे, लिटरचा (एका वेतातल्या पिल्लांचा) आकार, शुक्राणूंची गतिशीलता असं सगळं तीन-चार वर्षं जमत राहणार असेल तर मी आरच सांगेन.

एक गोष्ट मात्र कुठलंच सॉफ्टवेअर तुमच्यासाठी ठरवत नाही: एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, कशाची मोजायची? प्रत्येक गटात ५ उंदीर आणि प्रत्येकाच्या वृषणातल्या ५० शुक्रजनक नलिका मोजल्या, तर एन ५ आहे, २५० नाही. गाभण मादीला औषध दिलं असेल तर एकक ती मादी, म्हणजे तिचं लिटर, प्रत्येक पिल्लू नाही. २५० ठिपके टाकले की पी-व्हॅल्यू गोजिरी येते आणि रिव्ह्यूअर हुशार असेल तर लेख परत येतो. २०२० पासून 'सुपरप्लॉट' रूढ होतो आहे: नलिकांचे ठिपके फिके, त्यांवर प्रत्येक प्राण्याची सरासरी ठळक, आणि चाचणी त्या सरासरींवर. आरमध्ये हा सहज निघतो. प्रिझममध्ये नेस्टेड टी-टेस्ट (एकाच प्राण्याची मापं एकत्र धरणारी चाचणी) आहे, पण असा ग्राफ काढायला खटपट करावी लागते. नुसते खांब तर सोडाच. गतिशीलता टक्क्यांत असते, आणि सरासरी ९२ टक्के असलेल्या खांबावरची एरर बार १०० च्या वर गेलेली मी छापून आलेल्या लेखांतही पाहिली आहे. गटात पाच-सहा प्राणी असतील तर सगळे ठिपकेच दाखवा.

शेवटची जुळणी इंकस्केप या फुकट चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. संस्थेने इलस्ट्रेटर दिला असेल तर त्यातही चालेल, काम तेच. पॉवरपॉइंट नको, सेटिंग बदललं नसेल तर सेव्ह करताना तो चित्रं दाबतो. लाल-हिरव्याऐवजी मॅजेंटा-हिरवा घ्या, नाहीतर रंगांधळ्या वाचकाला दोन चॅनल वेगळे दिसणार नाहीत. आणि पान पहिल्यापासून जर्नलच्या कॉलमच्या रुंदीचंच घ्या, साधारण ८५ मिलिमीटर. मोठ्या पानावर ऐसपैस मांडून शेवटी लहान केलं की अक्षावरचे आकडे भिंगाशिवाय वाचता येत नाहीत.