बाजारात यायच्या आधीच मी त्याला पास करून टाकलं

टीव्हीला जोडायचा नवा इंटरनेट बॉक्स येतोय, अशी जाहिरात दिसली आणि मी आगाऊ पैसे भरून मोकळा झालो. ४के चित्र, सगळी अ‍ॅप्स, आधी नोंदणी करणाऱ्यांना सवलत. मेहुण्याने तेव्हाच विचारलं होतं, "दाजी, कुणी हातात घेऊन बघितलाय का हा?" मी त्यालाच झापलं. म्हटलं, वस्तू यायच्या आधीच नावं कसली ठेवतोस!

आता कळतंय, पैसे भरणं हेसुद्धा मत देणंच होतं. त्याने फुकट दिलं, मी मोजून दिलं.

बरं, मी या विषयात अगदीच कोरा होतो असंही नाही. टीव्हीवर इंटरनेट आणणाऱ्या गूगल टीव्हीची घोषणा मे २०१० मध्ये केवढी गाजली होती! ऑक्टोबरात त्यावर चालणारा लॉजिटेक कंपनीचा रेव्ह्यू बॉक्स आला, पण अमेरिकेतल्या एबीसी, सीबीएस, एनबीसी या वाहिन्यांनी आपल्या वेबसाइटवरचे कार्यक्रम त्यावर चालूच दिले नाहीत. वर्षभरात लॉजिटेकने हात टेकले. यंत्र बरं की वाईट हा प्रश्नच नव्हता. त्यावर दिसणार काय, ते तिसऱ्याच्याच हातात होतं. २०१२ मध्ये गूगलने टीव्हीला जोडायचा नेक्सस क्यू वाजतगाजत दाखवला, मग विक्री लांबणीवर टाकली आणि आधी नोंदणी केलेल्यांना तो फुकट देऊन टाकला. माझ्या बॉक्सच्या कंपनीकडून असलं काही व्हायचं नव्हतं.

बॉक्स दोन महिने उशिरा आला. सुरुवातीचा पडदा इतका देखणा की मेहुण्याला लगेच फोटो पाठवला. मग चित्रपट लावला. खालची सबटायटल्स कोरल्यासारखी स्पष्ट आणि बोलणाऱ्याचा चेहरा मात्र वाफ धरलेल्या काचेमागचा! आधी टीव्हीला दोष दिला, मग केबल बदलली, मग वायफायला शिव्या घातल्या. शेवटी मोबाइलवर वापरतात तसलं एक यंत्राची माहिती दाखवणारं अ‍ॅप टाकलं. त्यात लिहिलेलं होतं: विडवाइन एल३.

विडवाइन म्हणजे चित्रपटांची चोरी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप. एल१ असेल तर ते प्रोसेसरच्या सुरक्षित भागात उघडतं. एल३ मध्ये सगळा कारभार नुसत्या सॉफ्टवेअरवर, म्हणून नेटफ्लिक्ससारख्या सेवा तिथे एचडी देत नाहीत, ४८० ओळींवर भागवतात. सबटायटल्स बॉक्स स्वतः वेगळी काढतो, म्हणून तेवढी सुबक. शिवाय चित्रपटाचं अ‍ॅपही टीव्हीचं नव्हतंच, मोबाइलचं होतं. रिमोटवर उंदराचं चित्र असलेलं बटण दाबायचं आणि बाण मुंगीच्या चालीने 'प्ले'पर्यंत ढकलत न्यायचा. बायको दोन दिवसांत परत लॅपटॉपवर बघायला लागली.

तक्रार केली. उत्तर आलं की पेनड्राइव्हवरची फाइल ४के मध्ये चालते, तेव्हा जाहिरात खरीच आहे. तपासून पाहिलं. चालते! मग वस्तू परत घ्या म्हटलं, तर परतीची मुदत ऑर्डरच्या तारखेपासून मोजलेली. म्हणजे पार्सल दाराशी येण्याआधीच ती संपली होती. ही अट पैसे भरतानाच्या पानावर होती, बारीक अक्षरांत, आणि मी खूण करून पुढे गेलो होतो. हे मात्र माझंच.

तो बॉक्स आता वायफायवरूनही काढलाय. गूगलचं प्रमाणपत्र नसलेल्या असल्या काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर येतं, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये दिला होता. माझ्या बॉक्समध्ये ते आहे की नाही हे शोधत बसायची हौस उरली नाही.

गेल्या आठवड्यात त्याच कंपनीने पुढच्या मॉडेलची नोंदणी सुरू केली. फोटोच्या जागी पुन्हा संगणकावर काढलेलं चित्र, रिमोट तोच. मी एका ओळीत विचारलं: विडवाइन एल१ आहे की एल३? आणि परतीची मुदत कुठल्या तारखेपासून?

उत्तर आलं, "सर, प्रॉडक्ट लाँच होण्याआधी कृपया मत बनवू नका."

मेहुण्याला ते अजून दाखवलेलं नाही.