समोरच्याच्या पाळीत गोळी झाडू देणारा खेळ : 'इन्फिनिटी'

टेबलावरच्या बहुतेक युद्धखेळांत समोरच्याची पाळी आली की आपण नुसतं बघत बसतो. आपली माणसं मरतात, आपण ती उचलून बाजूला ठेवतो. स्पेनच्या कॉर्व्हस बेली कंपनीच्या 'इन्फिनिटी'मध्ये तसं होत नाही, आणि म्हणून हा खेळ मला इतका आवडतो. खेळ 2005 सालचा. मी लिहितोय ते 2020 च्या चौथ्या आवृत्तीबद्दल. पाचवीही आली आहे, पण आमच्याकडे पुण्यात कर्वेनगरला अजून चौथीच चालते.

सगळी गंमत 'एआरओ' (ऑटोमॅटिक रिॲक्शन ऑर्डर, म्हणजे आपोआप मिळणारं उत्तर) या नियमात आहे. शत्रूचा सैनिक आपल्या नजरेच्या टप्प्यात हलला, की त्याला पाहणारा आपला प्रत्येक सैनिक लगेच उत्तर देऊ शकतो. गोळी झाडा, नाहीतर अंग चुकवा. तो त्या पाळीत जितक्या वेळा हलेल तितक्या वेळा. दोघेही वीस बाजूंचा फासा टाकतात. आपल्या आकड्याइतका (सैनिकाची नेमबाजी, आडोसा-अंतराची वजाबेरीज धरून) किंवा त्याहून कमी पडला तर नेम लागला, दोघांचाही लागला तर मोठा फासा जिंकतो.

मात्र हल्ला करणाऱ्याच्या मशीनगनला चार फासे मिळतात, उत्तर देणाऱ्याला एकच. नवखा खेळाडू इथेच फसतो. नियम वाचून त्याला वाटतं, प्रत्येक खिडकीत एकेक माणूस उभा केला की झालं. मग समोरचा एकच मशीनगनवाला पुढे काढतो, सगळ्या ऑर्डरी, म्हणजे त्या पाळीत मिळालेल्या सगळ्या चाली, त्याच्यावरच खर्च करतो आणि खिडक्या एकेक करून रिकाम्या करतो.

खरा डाव अंतराचा आहे. माझा फ्युसिलियर, म्हणजे साधा पायदळी सैनिक, नेमबाजी 12, हातात कॉम्बी रायफल. समोर नेमबाजी 13 चा मशीनगनवाला. दोघेही आडोशाला, म्हणजे दोघांचेही तीन वजा. वीस इंचांवर मशीनगनला तीनचा फायदा, रायफलला तीनचा तोटा. त्याला 13 वर चार फासे, मला 6 वर एक. तिथे गोळी झाडण्यात अर्थच नाही. तीच गाठ चौदा इंचांवर घाला. आता तो 10 वर, मी 12 वर. फासा अजूनही एकच, पण समोरचा पाऊल टाकण्याआधी विचार करतो.

आपल्या पाळीत एक ऑर्डर खर्चून त्याच फ्युसिलियरला सप्रेसिव्ह फायरवर, म्हणजे जागेवरून सतत माऱ्यावर ठेवलं तर चित्र आणखी पालटतं. मला 9 वर तीन फासे, आणि तो उतरतो 7 वर. रायफलचा जवळचा फायदा जातो, पण गल्ली बंद होते. त्या सैनिकाला नंतर ऑर्डर दिली की ही अवस्था संपते, म्हणून हे काम ज्याला हलवायचं नाही त्यालाच द्यावं.

त्याहून जालीम म्हणजे एकाच जागेवर दोन बाजूंनी रोखलेल्या दोन बंदुका. हल्लेखोराला चार फासे दोघांत वाटावे लागतात. एकाकडे दुर्लक्ष केलं तर त्याची गोळी बिनविरोध येते. परवा भाचा कोपऱ्यापाशी येऊन थांबला. "मामा, तिकडे दोघं बघतायत ना?" म्हणाला आणि सरळ वळून लांबचा रस्ता धरला. मी फासा हातातही घेतला नव्हता, तरी त्याच्या तीन ऑर्डरी गेल्या. उत्तरादाखलची गोळी यासाठीच असते. माणूस मेला तर उत्तम, पण ऑर्डरी वाया गेल्या तरी काम झालं.

म्हणून मी दोघा-तिघांनाच दिसतं ठेवतो, बाकीचे भिंतीमागे. स्नायपर छतावर आडवा झोपवून ठेवायचा. तो कठड्याआड दिसत नाही, आणि सोळा इंचांपलीकडची मोकळी रेघ मिळाली की मगच उठवायचा.

टेबल दाट हवं, ही या खेळाची मोठी अट. मोकळ्या मैदानावर लांब पल्ल्याची बंदूक ज्याच्याकडे तो जिंकतो आणि एआरओची सगळी चव जाते. जागा चार फूट बाय चार फूट लागते. आठ बाय चारचा प्लाय टिंबर मार्केटमध्ये अर्धा कापून मिळतो. इमारती आम्ही थर्माकोल आणि अप्पा बळवंत चौकातल्या पुठ्ठ्याच्या केल्या, त्याही पेठेतल्या वाड्यांच्या घाटाच्या. अरुंद बोळ, जवळजवळच्या गच्च्या. अशा बोळात मशीनगनचा तोरा उतरतो.

खर्चाचं म्हणाल तर नियम आणि सैन्य जुळवायचं ॲप दोन्ही अधिकृतपणे फुकट आहेत. धातूच्या आकृत्या बाहेरून मागवाव्या लागतात आणि महाग पडतात. आधी कागदी आकृत्यांवर खेळा. शिकायला मात्र जड आहे. कौशल्यांची नावंच इतकी की सुरुवातीला दर दोन मिनिटांनी मोबाईल उघडावा लागतो. खेळातल्या ॲलेफ नावाच्या फौजेत देव, असुर, नाग, गरुड भेटतात, तेवढी नावं तरी आपल्याला पाठ करावी लागत नाहीत.

सुरुवात दोन्हीकडे पाच-पाच साध्या सैनिकांनी करा. छद्मवेश, हॅकिंग, धूर सगळं बाजूला ठेवा. फक्त अंतर, आडोसा आणि एआरओ.