फेर्नवेर्मे की हीट पंप? जर्मनीत जुनं घर घेतलेल्यांसाठी

श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफुर्टकडे जुनं घर किंवा फ्लॅट घेतलेल्या आपल्या लोकांचा हल्ली एकच प्रश्न असतो, तळघरातला गॅस बॉयलर म्हातारा झालाय, आता शहराची फेर्नवेर्मे (केंद्रात पाणी गरम करून पाइपने घरोघर पोचवलेली उष्णता) घ्यायची की स्वतःचा हीट पंप (हवेतून किंवा जमिनीतून उष्णता ओढून घर तापवणारं विजेवरचं यंत्र) बसवायचा. मला विचाराल तर आधी तुमच्या शहराचा वेर्मेप्लान, म्हणजे घरं तापवण्याचा आराखडा, उघडा. कायद्याने 1 लाखाच्या वर वस्तीच्या शहरांना तो 30 जून 2026 पर्यंत आणि बाकीच्या गावांना 30 जून 2028 पर्यंत करायचा आहे, आणि कुठल्या भागात पाइपलाइनचा विचार आहे ते त्यात कळतं. तुमच्या गल्लीत पाइप येणारच नसेल तर फेर्नवेर्मेवर डोकं खपवण्यात अर्थ नाही.

पाइप येणार असेल तर त्यात गरम पाणी कशाने होतं ते विचारा, कारण फेर्नवेर्मे म्हणजे आपोआप स्वच्छ असं अजिबात नाही, खूप ठिकाणी अजून गॅस आणि कोळसाच जळतोय. म्युनिकचं नशीब चांगलं, शहराखाली खोलवर गरम पाणी आहे, तिथल्या रीम भागात 2004 पासून ते वापरतात, फ्राइहाम भागात 2016 पासून, आणि 2040 पर्यंत सगळी फेर्नवेर्मे क्लायमेट न्यूट्रल करायचं ठरलंय. मानहाइममध्ये कोळशाच्या वीजकेंद्राच्या आवारातच 2023 मध्ये र्‍हाइन नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा 20 मेगावॉटचा हीट पंप सुरू झाला, मला हे उदाहरण फार आवडतं, कारण जुने पाइप तेच, बदलला तो फक्त उष्णतेचा उगम. तुमचं शहर मागे असलं तरी कायद्याने नेटवर्कमधली 30 टक्के उष्णता 2030 पर्यंत, 80 टक्के 2040 पर्यंत आणि सगळी 2045 पर्यंत स्वच्छ उगमातून यायला हवी, म्हणजे तो बदल कंपनी करणार, तुम्हाला तळघरात पुन्हा काही फोडायचं नाही.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, पुरवठादार एकच असतो. विजेसारखं दरवर्षी कंपनी बदलता येत नाही, करार 10 वर्षांपर्यंतचा असू शकतो, आणि वापर कमी केला तरी ग्रुंडप्राइस, म्हणजे ठरलेला मूळ आकार, भरावाच लागतो. म्हणून सही करण्याआधी दर बदलण्याचा फॉर्म्युला वाचा, तो गॅसच्या भावाला बांधलेला असेल तर गॅस भडकला की तुमचं बिलही भडकणार. आणि हे फार जणांना माहीत नसतं, करारातली किलोवॉट क्षमता वर्षातून एकदा निम्म्यापर्यंत कमी करून मागता येते, कुठलंही कारण द्यावं न लागता, खिडक्या नव्या केल्या असतील तर हे नक्की करा.

आता हीट पंप. जुन्या घरात चालतच नाही असं शेजारी सांगतात ते सरसकट खरं नाही. फ्राउनहोफर या संशोधन संस्थेने जुन्या घरांत प्रत्यक्ष मोजलं तेव्हा हवेवरच्या पंपांची वर्षाची सरासरी 3.1 आली आणि जमिनीतल्या पंपांची 4.1, म्हणजे 1 युनिट विजेत 3 ते 4 युनिट उष्णता. हिशोब सोपा आहे, तुमचा विजेचा दर गॅसच्या दराने भागा, उत्तर 3 च्या आत आलं तर हवेवरचा पंपसुद्धा रोजच्या खर्चात बहुतेक स्वस्तच पडेल, आणि गॅसवर सरकारी कार्बन शुल्काचा भार वेगळा आहेच, 2025 मध्ये तो कार्बन डायऑक्साइडच्या टनाला 55 युरो होता, वर्षाला 20,000 युनिट गॅस लागणाऱ्या घराला तेव्हा साधारण 200 युरो अधिक टॅक्स पडला.

घर पंपाला चालेल का हे ओळखायची चाचणी फुकट आहे: कडाक्याच्या थंडीत बॉयलरचं पाणी 55 अंशांवर ठेवा आणि रेडिएटर पूर्ण उघडा, सगळ्या खोल्या उबदार राहिल्या तर आहे त्या रेडिएटरवर काम होईल, एखादी खोली गार राहिली तर तिथला रेडिएटर मोठा करा, अख्ख्या घराला फ्लोअर हीटिंग लावायची गरज नाही. अडचण असते ती बाहेरच्या युनिटच्या जागेची आणि आवाजाची, साध्या राहत्या वस्तीत रात्री शेजाऱ्याच्या खिडकीजवळ 40 डेसिबलची मर्यादा, निव्वळ निवासी भागात 35, आणि रो-हाउसमध्ये अंतर कमी म्हणून हे आधी मोजूनच घ्या.

त्यामुळे माझं मत असं, दाट वस्तीतली जुनी चार मजली बिल्डिंग असेल, ओनर्स मीटिंगमध्ये 12 जणांना पटवायचं असेल आणि पाइप दारात येत असेल तर फेर्नवेर्मे घ्या, करार वाचून. स्वतःचं घर, थोडी बाग आणि छतावर सोलर असेल तर हीट पंप, पाइप येणार असला तरीही. नवा गॅस बॉयलर मात्र स्वस्त दिसला म्हणून घेऊ नका, हायड्रोजनवर चालेल असं सांगून विकत असले तरी नको, हायड्रोजनने घर तापवायला हीट पंपाच्या कित्येक पट वीज लागते, आणि मानहाइमच्या ऊर्जा कंपनीने तर 2035 पर्यंत गॅसचं नेटवर्कच बंद करायचं ठरवल्याचं जाहीर केलंय.

अनुदान दोन्हींना आहे. 2024 च्या योजनेत मूळ 30 टक्के, राहत्या घरातला जुना बॉयलर काढला तर आणखी 20, करपात्र घरगुती उत्पन्न 40,000 युरोच्या आत असेल तर आणखी 30, पण सगळं मिळून 70 टक्क्यांच्या वर नाही आणि इमारतीतल्या पहिल्या राहत्या युनिटला 30,000 युरोपर्यंतच्याच खर्चावर. हे नियम आणि हीटिंगचा कायदा दोन्ही राजकारणात अडकलेत, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी अनुदान देणाऱ्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेच्या साइटवरची अट पुन्हा बघा, कारागिराच्या करारात अनुदान मंजूर झालं तरच करार लागू असं कलम टाकून घ्या, आणि अर्ज काम सुरू व्हायच्या आधीच करा.