आजीचं सिंगर पुन्हा शिवायला लागलं: वेंगुर्ल्याच्या एका मशीन दुरुस्तीवाल्याबद्दल

उभादांड्याच्या आमच्या पडवीत पंचवीस वर्षं एक सिंगर मशीन गोणपाटाखाली पडून होतं. माझ्या आजीचं. मे महिन्यात भाचीने शिवण शिकायचं मनावर घेतलं म्हणून ते ओढून पुढे काढलं, तर चाक सूतभरही हलेना. एका दुकानदाराने नुसता फोटो बघून भंगारात द्यायला सांगितलं. दुसऱ्याने तीन हजार देऊन ‘शोपीस’ म्हणून विकत मागितलं. शेवटी आमच्या वाडीतल्या शिंपीणबाईंनी वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेतल्या मिस्त्रींकडे धाडलं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून मी निवृत्त झाले, त्यामुळे लिहिताना थोडं लांबण लागेल. पण या माणसाच्या कामाबद्दल लिहायचं तर त्या मशीनबद्दलही लिहायला हवं.

दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. दारातच तीन मशीनं, आत रॉकेलचा वास. मिस्त्री सत्तरीचे असावेत. त्यांनी हातोडी घेतली नाही की चाकाला झटका दिला नाही. तेलाच्या भोकात काडी घातली, बाहेर काढून हुंगली आणि विचारलं, “बाई, हेच्यात खोबरेल कोणी घातल्यान?” आईने घातलं होतं. घरात मशीनचं तेल संपलं की कोकणात हातापाशी खोबरेलच असतं. ते आत सुकून डिंकासारखं होतं, आणि वरून समुद्राची खारी हवा. “जोर केलो तर मोडतला,” म्हणाले, आणि दोन दिवस रॉकेल सोडत ठेवून तिसऱ्या दिवशी चाक केसाकेसाने फिरवत मोकळं केलं. शटलची (खालचा दोरा अडकवणाऱ्या भागाची) जागा, सुईचा दांडा, खालचे दात, सगळं सुटं करून ब्रशने घासलं. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, झिजली होती, तिथे लुधियानाची नवी बसवली. आपल्याकडची काळी मशीनं याच पंधरा नंबरच्या मॉडेलच्या सिंगरवरून बनत आली, म्हणून ती बिनबोभाट बसते. नवा चामडी पट्टा, बॉबिन भरायच्या चाकाचं रबर आणि टेबलाचं पॉलिश धरून 1,850 रुपये झाले. काढलेले जुने भाग त्यांनी पुडीत बांधून परत दिले. हे करणारा दुरुस्तीवाला मला तरी पहिल्यांदाच भेटला.

मशीनच्या खांबाच्या पायाशी साचलेला चिकटा निघाल्यावर नंबर दिसला. वाय अक्षराने सुरू होणारा. हे अक्षर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं. मी तिथेच स्टुलावर बसले आणि मिस्त्रींना सांगत सुटले. सिंगर कंपनी मूळ अमेरिकेची, पण 1880 च्या दशकात क्लाइडबँकजवळ किलबोवीला तिने जो कारखाना उभारला तो पहिल्या महायुद्धाच्या आधी वर्षाला दहा लाखांवर मशीनं बाहेर काढत होता. चारी बाजूंना तबकड्या असलेलं मनोऱ्यावरचं घड्याळ गावभर दिसायचं. ते 1963 मध्ये पाडलं, कारखाना 1980 मध्ये बंद झाला, पण रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगरच आहे. गिरणगावातल्या चिमण्या आठवून मिस्त्री म्हणाले, “म्हणजे आमच्या परळासारखाच.” अगदी तसंच.

माझे आजोबा परळला गिरणीत होते. 1931 मध्ये त्यांनी मुंबईत हप्त्याने हे मशीन घेतलं आणि बोटीने वेंगुर्ला बंदराला पाठवलं. हप्त्याची ही पद्धत सिंगरने 1850 च्या दशकातच सुरू केलेली. युरोपात कंपनीचा माणूस दर आठवड्याला दारात यायचा आणि कामगाराच्या बायकोकडून पैसे घेऊन वहीत मांडायचा. त्या घरांत उधारीने शिरलेल्या पहिल्या मोठ्या वस्तूंपैकी ही एक. हिंदुस्थानात हा पसारा नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी वाढवला. आजी मात्र हप्त्याबद्दल एकच गोष्ट सांगायची: मनीऑर्डर तीन वर्षं कमी येत होती आणि ती तूट तिने वाडीतल्या बायकांची झंपरं शिवून भरली, रात्री कंदील मशीनवर टांगून.

हे मला वर्गात नीट सांगता आलं नाही याची खंत आहे. पुस्तकात ‘शिवणयंत्राचा शोध’ एका ओळीत संपतो. बार्थेलमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने 1830 मध्ये यंत्राचं पेटंट घेतलं, पॅरिसमध्ये लष्करी गणवेशांसाठी कारखाना काढला, आणि 1831 मध्ये पोट जाईल या भीतीने शिंप्यांनीच त्याची यंत्रं फोडली. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते पट्टा ओवता ओवता थांबले. “रेडिमेड इला तेवा आमच्या शिंप्यांनी कोणाचा दुकान फोडूक नाय. गपचूप बसले.” मला पुढे काही बोलता आलं नाही. मशीनमुळे बाईचे कष्ट हलके होतील असं पुढच्या पन्नास वर्षांत जाहिरातींनी सांगितलं. झालं असं की बर्लिन, पॅरिस, पूर्व लंडनमधल्या खोल्याखोल्यांत नगावर शिवणाऱ्या बायका बसल्या, दोऱ्याचा खर्चही स्वतःच सोसून. 1906 मध्ये लंडनला अशा घरगुती कामगारांचं प्रदर्शन भरलं, त्यात बायका लोकांसमोर बसून काम करत होत्या आणि त्यांना मिळणारे दर मांडले होते. त्यातून उठलेल्या आवाजामुळे 1909 चा ट्रेड बोर्ड्स कायदा आला आणि शिवणकामासह चार धंद्यांत किमान मजुरी ठरवायची सोय झाली. आजीला नगामागे किती मिळत होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

पॉलिशबद्दल वेगळं लिहायला हवं. टेबलाचं लाकूड पांढरं पडलं होतं, ड्रॉवरच्या कडेला वाळवी. ते काम मिस्त्रींच्या मिसेस करतात, मागच्या पडवीत. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, जुन्या धोतराच्या बोळ्याने पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा थर. चार दिवसांत आठ थर झाले. त्यांच्या बोटांची कातडी तपकिरी झालेली आहे. मी त्यांना सांगितलं, की किलबोवीलाही टेबलं पॉलिश करणाऱ्या बायकाच होत्या. मार्च 1911 मध्ये तिथे तिघींना काढून त्यांचं काम उरलेल्या बाराजणींवर टाकलं. त्या बाराजणी उठून बाहेर आल्या, आणि थोड्याच दिवसांत सुमारे अकरा हजारांच्या कारखान्यातले बहुतेक कामगार त्यांच्यामागे बाहेर पडले. तीन आठवड्यांनी संप मोडला. कंपनीने घरोघरी पोस्टकार्डं पाठवून ‘कामावर येता का’ विचारलं, आणि नंतर पुढारी माणसं शेकड्यांनी काढली. बाईंनी बोळा खाली न ठेवता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “त्या बाराजणींचा काय झाला मग?” वर्गात असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

त्रासाचंही सांगते. चार दिवस सांगून अकरा लावले. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. पावती मिळत नाही, मागितल्यावर वहीच्या पानावर लिहून दिली. मशीनवरची सोनेरी नक्षी रॉकेलने एका जागी पुसट झाली. आधी सांगितलं असतं तर मी तेवढा भाग झाकून ठेवायला लावला असता. तुमच्याकडे तशी नक्षी शाबूत असेल तर ती आधी दाखवून द्या. मोटर बसवून हवी असेल तरी ते बसवतात, पण जुन्या सिंगरला नको म्हणून सांगतात, आणि मला ते पटलं. आणि नुसतं डोकं नेऊ नका, टेबल आणि लोखंडी पाय टेम्पोत घालून न्याच. पायडलचा खिळा सैल असेल तर पट्टा कितीही चांगला असला तरी निसटतो.

परवा भाचीने पहिली शिवण घातली, उशीचा अभ्रा. टाका सरळ पडला, आवाज एकसारखा, आजी बसायची तेव्हाचाच. आता मावशीचं लांब शटलचं मशीन परुळ्याहून आणायचं आहे. त्याची शटलं मिळत नाहीत म्हणतात, पण मिस्त्रींनी डब्यात दोन जपून ठेवली आहेत, बघून आले मी.